साइनिंग बोनसची बोलणी आणि सात रस्त्याजवळचं सीए मॅडमचं ऑफिस: माझा अनुभव

सोलापुरात ज्या कामाची कुठं पाटी लावलेली दिसणार नाही अशा एका सर्व्हिसचा हा रिव्ह्यू आहे. सात रस्त्याजवळ एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर एक सीए मॅडम आणि त्यांचे सख्खे भाऊ, ते वकील, एकाच ऑफिसात बसतात. रोजचं काम म्हणजे टॉवेलवाले, चादरवाले, दुकानदार यांचं जीएसटी आणि ऑडिट, आणि वकील साहेबांचं कामगार कोर्टातलं. पण नोकरी बदलणारं कुणी ऑफर लेटर घेऊन गेलं तर दोघं मिळून ते शेवटच्या पानापर्यंत वाचतात, हिशोब मांडून देतात आणि कंपनीशी काय बोलायचं ते सांगतात. नाव टाकत नाही कारण सीए काय आणि वकील काय, दोघांनाही जाहिरात करायला त्यांच्या संस्थांचे नियम आडवे येतात आणि मॅडमनी मला आधीच सांगितलं की अनुभव लिही खुशाल पण नाव नको.

मी मुंबईत एका परदेशी हेज फंडाच्या ऑफिसात रिस्क आणि डेटाच्या टीममध्ये होते, शिक्षण इथलंच, वालचंदला इंजिनिअरिंग केलं, आई-बाबा जुळे सोलापूरला. ऑक्टोबरात दुसऱ्या एका फंडाकडून ऑफर आली. फिक्स पगार ४२ लाखांवरून ५२ लाख आणि वर १० लाख साइनिंग बोनस, म्हणजे जॉइन होताना एकदाच मिळणारी रक्कम. घरात सगळे खूश. बाबा म्हणले, "अगं कामाला हात लावायच्या आधीच दहा लाख देतायत, अजून काय मागायलीस?" आणि भाऊ तर, "घे की बे, विचार काय करायलीस!" बाहेरून बघणाऱ्याला तसंच वाटणार, कारण आपल्याकडं नोकरी म्हणजे महिन्याचा पगार, बोनस म्हणजे दिवाळीला जे काय हातात पडेल ते. या धंद्यात तसं नसतं आणि तिथंच सगळी गोम आहे, म्हणून आधी थोडं सांगते.

हेज फंड म्हणजे श्रीमंत लोकांचे आणि मोठ्या संस्थांचे पैसे घेऊन बाजार वर जावो की खाली, दोन्हीकडून कमवायचा प्रयत्न करणारा फंड. १९४९ साली अमेरिकेत आल्फ्रेड विन्स्लो जोन्सनं पहिला असा फंड काढला आणि तो नफ्यातला २० टक्के वाटा स्वतःकडं घ्यायचा. पुढं दोन टक्के फी आणि वीस टक्के नफा ही या धंद्याची रीतच झाली. आपल्याकडं शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक फंडांच्या नियमांत अशा फंडांना कॅटेगरी तीनमध्ये घातलं, त्यात एका गुंतवणूकदाराला कमीत कमी १ कोटी टाकावे लागतात. बाहेरच्या फंडांची ऑफिसं हैदराबाद, बेंगळुरू, गुरुग्राम, मुंबईत आहेत, डी. ई. शॉ हा अमेरिकेतला फंड तर हैदराबादेत १९९६ पासून आहे. तर धंद्याची कमाईच नफ्यातल्या वाट्यावर, त्यामुळं आत काम करणाऱ्यांचंही तसंच, फिक्स पगार एका बाजूला आणि वर्षाअखेरचा बोनस दुसऱ्या बाजूला, आणि हा बोनस पगाराच्या निम्मा, बरोबरीचा, ट्रेडिंग करणाऱ्यांचा तर पगाराच्या कितीतरी पट असू शकतो. वर्ष साधारण जानेवारी ते डिसेंबर धरतात, पैसे जानेवारी-फेब्रुवारीत पडतात आणि अट अशी की ज्या दिवशी पैसे पडणार त्या दिवशी तुम्ही कंपनीत पाहिजे आणि राजीनामा दिलेला नको. दिला असेल तर अकरा महिने राबलेलं सगळं गेलं, एक रुपया मिळत नाही. शिवाय बोनस मोठा असला की त्यातला काही भाग पुढच्या दोन-तीन वर्षांत हप्त्यानं देतात, तोही सोडून गेलं की बुडतो.

म्हणून साइनिंग बोनस म्हणजे नवीन कंपनीची मेहेरबानी नाही. जुन्या कंपनीत तुम्ही जे मागं टाकून येताय त्याची ती भरपाई आहे. मॅडमनी पहिल्या बैठकीत ही गोष्ट ज्या पद्धतीनं माझ्यासमोर मांडली त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहितेय.

त्या आधी मी मुंबईच्या एका ऑनलाइन करिअर कोचिंगवाल्यांचं सेशन घेतलं होतं, नाव नको, पंचवीस हजार फी. एक तास व्हिडिओ कॉल, त्यात आत्मविश्वासानं बोला, आकडा आधी तुम्ही सांगू नका, गप्प राहायला शिका वगैरे, आणि शेवटी एक तयार ईमेल पाठवला ज्यात कंसात कंपनीचं नाव भरायचं. माझं ऑफर लेटर त्यांनी उघडून सुद्धा बघितलं नाही. हेज फंडाचा बोनस कधी पडतो हे विचारलं नाही. बरं, आकडा आधी सांगू नका हे ठीक, पण समोरच्यानं दहा सांगून झालेत, आता मी काय सांगू आणि कशाच्या जोरावर सांगू हे कोण सांगणार? पंचवीस हजारात मला एवढं तर मिळायला पाहिजे होतं. दिवाळीला घरी आले तेव्हा बाबांच्या एका मित्रानं या मॅडमचं नाव सांगितलं, त्यांचा मुलगा पुण्यातली आयटी कंपनी बदलताना त्यांच्याकडं गेला होता.

मॅडमना हेज फंड हा प्रकार नवीन होता आणि त्यांनी ते लपवलं नाही. "मला तुझा धंदा समजाव, मग मी तुला हिशोब समजावते," असं म्हणून त्यांनी वीस-पंचवीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. बोनस कोण ठरवतं, कागदावर काय लिहिलंय, मागच्या तीन वर्षांचे आकडे काय, पैसे कुठल्या तारखेला पडले. मी जुन्या कंपनीचं बोनस लेटर दाखवायला काढलं तर म्हणल्या थांब, आधी त्यातली कंपनीची नावं, फंडाचे आकडे सगळं काळ्या पेननं खोडून आण, आपल्याला फक्त तुझे आकडे पाहिजेत, गोपनीयतेचं कलम तुझ्या अंगावर यायला नको. हे मला फार आवडलं.

मग त्यांनी कुणाच्या तरी जुन्या लेजरच्या प्रिंटची पाठकोरी बाजू घेतली, पेन्सिलनं मधोमध रेघ मारली, डावीकडं लिहिलं 'सोडतेय' आणि उजवीकडं 'मिळतंय'. उजवीकडं दहा लाख लिहून झालं आणि ती बाजू संपली. डावीकडं एकेक ओळ चढत गेली.

पहिली ओळ, चालू वर्षाचा बोनस. मागच्या वर्षी २४ लाख मिळाला होता, ३० नोव्हेंबरला सोडायचं म्हणजे बारातले अकरा महिने, २२ लाख. दुसरी, मागच्या बोनसचे हप्त्यानं यायचे राहिलेले ९ लाख. इथपर्यंत मला माहीत होतं. तिसरी ओळ मात्र मॅडमनी विचारून विचारून काढली, ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना केलेल्या वर्षांच्या हिशोबानं कंपनी देते ती रक्कम. "किती वर्षं झाली तिथं?" चार वर्षं पाच महिने. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, काही कोर्टांनी चार वर्षं २४० दिवस सुद्धा मानलेत पण मी तिथंही पोचत नव्हते. बेसिक महिना १ लाख ७५ हजार, पंधरा भागिले सव्वीस, गुणिले पाच वर्षं, म्हणजे ५ लाख ५ हजाराच्या आसपास, आणखी सात महिने थांबले असते तर हक्काचे मिळाले असते. आणि पुढं त्या जे बोलल्या ते कुठल्याच कोचनं सांगितलं नसतं. "ग्रॅच्युइटी वीस लाखांपर्यंत टॅक्स फ्री असते, साइनिंग बोनस पूर्ण टॅक्सेबल. पाचाच्या बदल्यात पाच घेतलेस तर तुझ्या हातात सव्वातीन पडतील." माझ्या उत्पन्नाला तीस टक्के, त्यावर दहा टक्के सरचार्ज (जास्त कमाईवाल्यांना टॅक्सवर लागणारा जादा टॅक्स), त्यावर चार टक्के सेस, म्हणजे ३४.३२ टक्के कर. पाच लाख पाच हजार हातात पडायचे असतील तर ७ लाख ७० हजार मागायला लागतात. ते तसेच लिहिले. बेरीज ३८ लाख ७० हजार. त्याच्यासमोर उजवीकडं एकटे दहा.

कागद बघून बाबा पण गप्प झाले, ते सोबत आले होते.

नोटीसचं त्यांनी खाली वेगळं लिहिलं. माझी नोटीस तीन महिन्यांची, नवीन कंपनीला मी १ डिसेंबरला पाहिजे, म्हणजे साधारण दीड महिन्याची नोटीस विकत घ्यावी लागणार, राहिलेल्या दिवसांचे पैसे जुन्या कंपनीला द्यायचे, बेसिकवर दोन लाख साठ हजाराच्या वर. "हे साइनिंग बोनसमध्ये मिसळू देऊ नकोस, घाई त्यांना आहे, खर्च त्यांचा. आणि हे पैसे त्यांनी दिले तरी तुझ्या पगारात धरून टॅक्स लागेल, ते पण बोलून घे." जुनी कंपनी जी नोटीसची रक्कम कापते त्यावर टॅक्स भरायचा का, यावर अहमदाबादच्या आयकर अपील न्यायाधिकरणाचा २०१७ चा निकाल कर्मचाऱ्याच्या बाजूनं आहे हे सुद्धा त्यांनी सांगितलं, पण फॉर्म १६ मध्ये कंपनी तसं दाखवत नाही म्हणून रिटर्न भरताना माझ्याकडं ये म्हणल्या.

आता वकील साहेबांचं. यांची निम्मी हयात मिल कामगारांच्या थकीत देण्यांच्या केसेसमध्ये गेली. ते ऑफर लेटर वाचतात तेव्हा हातात लाल पेन असतो आणि ओठ हलत असतात. कंपनीच्या एचआरनं मला फोनवर सांगितलं होतं की पहिल्या वर्षाचा बोनस गॅरंटीड आहे, आणि लेटरमध्ये चौथ्या परिच्छेदात तसं होतं सुद्धा. साहेबांनी शेवटचं परिशिष्ट काढलं, त्यात एक ओळ होती की सर्व बोनस कंपनीच्या पूर्ण मर्जीवर अवलंबून राहतील, आणि त्याच्या खाली आणखी एक ओळ की लेटर आणि परिशिष्ट यात फरक पडला तर परिशिष्ट खरं धरायचं. त्यांनी दोन्ही ओळींखाली लाल रेघा मारल्या आणि कागद माझ्याकडं फिरवला. "बाई, ही गॅरंटी इथंच संपली." मी ते परिशिष्ट वाचलं होतं, पण माझं लक्ष गोपनीयतेच्या आणि कोडच्या मालकीच्या कलमांवर होतं, ही दोन वाक्यं एकमेकांना जोडून बघायला वेगळी नजर लागते.

मग क्लॉबॅक, म्हणजे सोडून गेलात तर साइनिंग बोनस परत करायची अट. माझ्या लेटरमध्ये लिहिलं होतं की २४ महिन्यांच्या आत नोकरी कोणत्याही कारणानं संपली तर पूर्ण रक्कम टॅक्स धरून परत. साहेब म्हणले, "ही ऊसतोडीची उचल आहे बघ. मुकादम हंगामाच्या आधी उचल देतो, कोयता अर्ध्यातनं गेला तर उचल अंगावर राहते. पण निदान जेवढा ऊस तोडला तेवढं तरी वळतं करतात की नाही? तुझ्या कागदात तेवढं पण नाही. तेविसाव्या महिन्यात गेलीस तरी पूर्ण द्यायचे." आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला यापेक्षा सोपं करून कुणी सांगू शकणार नाही.

'कोणत्याही कारणानं' या दोन शब्दांवर ते बराच वेळ थांबले. हेज फंडात हे फार महत्त्वाचं आहे. मोठ्या मल्टी-मॅनेजर फंडांत प्रत्येक टीमला वेगळं भांडवल दिलेलं असतं आणि तोट्याची मर्यादा फार कडक असते, ठरलेल्या टक्क्यांनी खाली गेलं की आधी भांडवल कमी करतात आणि त्याच्याही खाली गेलं की अख्खी टीम बंद. त्यात डेटावाल्या पोरीचा काय दोष? पण टीम बंद झाली की तिची नोकरी पण गेली, आणि या कलमाप्रमाणं नोकरी जायच्याच दिवशी तिनं साइनिंग बोनस पण परत करायचा. साहेबांनी लिहून दिलं की परतफेड दोनच वेळी, मी स्वतःहून सोडलं तर किंवा गैरवर्तनामुळं काढलं तर, आणि गैरवर्तन म्हणजे काय ते लेटरमध्येच लिहिलेलं पाहिजे.

मी विचारलं हे असलं कलम कोर्टात टिकतं का? त्यांनी बढाया मारल्या नाहीत. नोकरी सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत जायलाच बंदी घालणारा करार आपल्याकडं १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळं टिकत नाही. पण दिलेले पैसे परत मागणं, किंवा ठरलेल्या मुदतीआधी गेल्यास ठरलेली रक्कम मागणं ही गोष्ट वेगळी, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्याबद्दल दोन लाख भरायची अट योग्य ठरवली. "म्हणून सही करायच्या आधी भांड, नंतर कोर्ट आहेच असं धरून चालू नकोस." इंटरनेटवर जे छातीठोक सांगतात ना की असले बाँड भारतात चालतच नाहीत, त्यांनी हे वाचावं.

बोलणी मात्र आपणच करायची असतात, हे दोघं तुमच्या वतीनं फोन करत नाहीत की ईमेल लिहून देत नाहीत. मॅडमनी फक्त क्रम सांगितला. राजीनामा अजिबात द्यायचा नाही, सही केलेलं सुधारित लेटर हातात येईपर्यंत. आधी मागं काय टाकतेय त्याचा हिशोब पाठवायचा, मग आकडा, मग कलमं. फिक्स पगाराला हात लावायचा नाही, कारण पगार वाढवला तर दर वर्षी द्यावा लागतो आणि त्याच पदावरच्या बाकी लोकांशी तुलना येते, साइनिंग बोनस एकदाच द्यायचा असतो म्हणून तिथं कंपनीचा हात सैल असतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे दुसरा रस्ता तयार ठेवायचा, खोटा नाही, खरा. माझा खरा रस्ता असा होता की फेब्रुवारीत बोनस खात्यात पडला की राजीनामा द्यायचा, तीन महिन्यांची नोटीस पूर्ण करायची आणि जूनमध्ये जॉइन व्हायचं. त्यात २२ लाखांचा प्रश्नच येत नाही, साइनिंग बोनस कमी चालेल. मॅडम म्हणल्या हेच त्यांना सरळ सांग, धमकी म्हणून नाही, पर्याय म्हणून.

मी तसंच केलं. एचआरच्या बाई आधी म्हणाल्या की आमच्याकडं या लेव्हलला दहाच्या वर देत नाहीत. मी म्हणलं, "मॅडम, मी जास्त मागत नाहीये, मी जे सोडून येतेय त्याचा कागद पाठवलाय, त्यातली कुठली ओळ चुकीची वाटते ते सांगा. नाहीतर मी जूनमध्ये येते, मला काहीच अडचण नाही." पलीकडं जरा वेळ शांतता, मग त्या म्हणाल्या मी मॅनेजरशी बोलते. त्यांच्या मॅनेजरला जूनपर्यंत जागा रिकामी ठेवायची नव्हती, नवीन टीमला जानेवारीत काम सुरू करायचं होतं. एका रकमेवर त्यांनी शंका घेतली, ती ग्रॅच्युइटीवर, म्हणाल्या ही तुम्हाला अजून लागूच झालेली नाही. बरोबरच आहे, म्हणून तिथं मी ताणलं नाही. शेवटी साइनिंग बोनस २६ लाख, नोटीसचे पैसे वेगळे, आणि पहिल्या वर्षाचा बोनस कमीत कमी २४ लाख, परिशिष्टातली मर्जीची ओळ या बोनसला लागू नाही असं एक वाक्य घालून. ३८ काही मिळाले नाहीत, मॅडमनी आधीच सांगितलं होतं की पूर्ण मिळत नसतात.

क्लॉबॅक २४ वरून १८ महिने झाला, दर महिन्याला अठरावा हिस्सा कमी होत जाणारा, आणि साहेबांनी लिहिलेली दोन कारणं जशीच्या तशी मान्य झाली. टॅक्सचा मुद्दा अर्धाच सुटला. आपल्या हातात टॅक्स कापून पैसे येतात आणि परत मागताना कंपनी टॅक्ससकट मागते, वर्ष उलटून गेलं असेल तर तो भरलेला टॅक्स सरकारकडून सोडवून घेणं फार अवघड. कंपनीनं एवढंच मान्य केलं की त्याच आर्थिक वर्षात परत केले तर टॅक्स वजा करून घेऊ, त्यानंतर पूर्ण. मला हे आवडलं नाही पण बाकीचं बघता मी सही केली.

मध्येच आणखी एक गोष्ट घडली ज्यात मॅडमची फी वसूल झाली. २६ ठरल्यावर कंपनी म्हणाली देऊ, पण सहा महिने पूर्ण झाल्यावर, जूनच्या पगारात. मला वाटलं ठीक आहे की. मॅडमना फोन केला तर त्यांनी तिथल्या तिथं आकडे सांगितले. पुढच्या आर्थिक वर्षात ५२ पगार, २६ साइनिंग, २४ गॅरंटीड बोनस, बेरीज १ कोटी २ लाख, स्टँडर्ड डिडक्शनचे ७५ हजार वजा करून सुद्धा कोटीच्या वर सव्वा लाख. कोटी ओलांडला की सरचार्ज दहाचा पंधरा टक्के होतो, सीमेवर मार्जिनल रिलीफ, म्हणजे वाढलेला टॅक्स वाढलेल्या उत्पन्नाच्या पुढं जाऊ नये म्हणूनची सूट, मिळतो म्हणून आभाळ कोसळत नाही, पण कोटीच्या वरचे ते सव्वा लाख अख्खे टॅक्समध्येच जातात. तेच पैसे डिसेंबरच्या पगारात घेतले तर या वर्षाचं उत्पन्न सगळं धरून ७१ लाखांच्या आसपास, सरचार्ज दहाच. "आणि टॅक्स राहू दे बाजूला, सहा महिने तुझे पैसे त्यांच्याकडं कशाला? तू मागं टाकून आलीस ते आज टाकून आलीस ना?" कंपनीनं पहिल्या पगारात द्यायचं मान्य केलं, फारशी खळखळ न करता. नवीन कंपनीला फॉर्म १२बी भरून जुन्या कंपनीचं उत्पन्न कळवायचं हे पण त्यांनीच लक्षात आणून दिलं, नाहीतर टीडीएस, म्हणजे पगारातून कापला जाणारा टॅक्स, कमी कापला जातो आणि आगाऊ कर कमी पडल्याचं व्याज बसतं.

आता जे आवडलं नाही ते. ऑफिसात बाहेरची बसायची जागा आणि मॅडमचं टेबल यांच्यात नुसतं एक लाकडी पार्टिशन आहे, वर उघडं. मी पगाराचा आकडा सांगत होते आणि बाहेर बसलेले काका मान वर करून बघत होते. सोलापूर गाव छोटं आहे, कुणाचा कोण निघेल सांगता येत नाही. आत वकील साहेबांची बंद केबिन आहे, तिथं बसू द्या म्हणून आधीच सांगा, ते नाही म्हणत नाहीत. दुसरं, व्हॉट्सॲपला उत्तर यायला दोन-दोन दिवस लागतात, माझ्या ऑफरची मुदत संपत आली होती तेव्हा हा त्रास फार झाला, फोन केला तर मात्र लगेच उचलतात. तिसरं, जे काय सांगतात ते तोंडी आणि पेन्सिलच्या कागदावर, टाइप केलेला रिपोर्ट मिळत नाही. मी त्या कागदाचे फोटो काढून स्वतः एक्सेल बनवली. एवढ्या चांगल्या कामाचं दोन पानी टिपण त्यांनी दिलं पाहिजे, त्यासाठी जादा पैसे घेतले तरी कुणी कुरकुर करणार नाही, हे मी त्यांना तोंडावर पण सांगितलं.

आणि त्यांची मर्यादा पण आहे. हप्त्यानं येणारा बोनस जर फंडाच्याच युनिटमध्ये गुंतवलेला असेल तर त्याची आजची किंमत कशी धरायची हे त्यांना जमलं नाही, माझा रोखीतला होता म्हणून निभावलं. करार न्यूयॉर्क किंवा लंडनच्या कायद्याखाली असेल तर वकील साहेब स्वतःच हात जोडतात. पोर्टफोलिओ मॅनेजर, म्हणजे फंडाचा पैसा प्रत्यक्ष गुंतवणाऱ्या लोकांचं गणित तर वेगळंच, त्यांना नफ्यातली ठरलेली टक्केवारी असते, सोडल्यावर सहा महिने, वर्षभर घरी बसवून ठेवणारी गार्डन लीव्ह असते, त्या काळात पगार मिळतो पण बोनस बुडतो, मग भरपाई त्या काळाची पण मागायला लागते. अशा माणसानं मुंबईतला नोकरीच्या करारांचाच वकील गाठावा. माझ्यासारखे जे रिस्क, डेटा, टेक्नॉलॉजी, ऑपरेशन्स, अकाउंटिंगमध्ये आहेत आणि ज्यांचं लेटर भारतातल्या कंपनीचं आहे त्यांच्यासाठी हे दोघं पुरेसे आहेत, आणि खरं सांगायचं तर मुंबईतल्या माझ्या टीममधल्या कुणाचंही लेटर इतकं बारकाईनं वाचलं गेलं नव्हतं. एकीनं तर मला विचारलं सोलापुरात असली माणसं आहेत? आहेत, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

फी साडेसात हजार, त्यात वाचन, बैठका, मधले फोन सगळं आलं, यूपीआय चालतं, पावती हातानं लिहून देतात. वेळ संध्याकाळी पाच ते आठ. जिना अरुंद आणि अंधारा आहे, वयस्क माणूस सोबत असेल तर सांभाळून, गाडी खाली लावायला जागा मिळत नाही, रिक्षानं गेलेलं बरं. जाताना ऑफर लेटर परिशिष्टांसकट, मागच्या तीन वर्षांची बोनस लेटरं नावं खोडून, सगळ्यात नवीन पगाराची स्लिप, जुन्या कंपनीचं नेमणूक पत्र ज्यात नोटीसचं कलम आहे, आणि जॉइन झाल्याची तारीख एवढं घेऊन जा. महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास जाऊ नका, जीएसटी रिटर्नची गर्दी असते आणि मॅडमचं निम्मं लक्ष पोर्टलवर असतं.